अडुळशाची भानगड

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाला अडुळसा आहे, हे परवापरवापर्यंत कुणाच्या गावीही नव्हतं. शेळी तोंड लावत नाही, कीड फिरकत नाही, पाणी घालावं लागत नाही, म्हणून गावाकडे बांधावर लावतात तसा कुणीतरी लावून ठेवला असणार. पांढरी, आतून जांभळट रेघा असलेली फुलं यायची, मधमाश्या यायच्या, आणि सेक्रेटरी दर पावसाळ्याआधी ‘ते जंगल छाटून टाका’ म्हणून ओरडायचे. आता जाऊन बघा तुम्ही. नुसत्या काड्या उभ्या आहेत! माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत पान म्हणून नाही. त्याच्या वर चार झुबके शिल्लक आहेत, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यासाठी काठीला आकडा बांधून घेतलाय. पहाटे फिरायला जाणाऱ्या बायका परत येताना ओढणीत काय लपवून आणतात, हे विचारायची सोय नाही. तेच सेक्रेटरी आता ‘झाड सोसायटीच्या मालकीचे असून पाने विनापरवानगी तोडू नयेत’ अशी पाटी लावायच्या गोष्टी करतात.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, ते आमच्याकडे खोटं ठरलं. कुंपणावर पिकतोय तो अडुळसा लोक ऑनलाइनही मागवतायत. चूर्ण, चहा, चघळायच्या गोळ्या, मधात मुरवलेला, तुळशीत घोटलेला. मोबाइलवर एक पोरगी झुमके घालून, केस मोकळे सोडून पानं मिक्सरमध्ये टाकते आणि म्हणते, ‘आजीचं सीक्रेट!’ अगं, कसलं डोंबलाचं सीक्रेट? शंकर दाजीशास्त्री पद्यांचं ‘आर्यभिषक्’ शंभर वर्षांपूर्वी मराठी घराघरांतल्या फडताळात होतं, त्यात अडुळसा आहे. चरकसंहितेत आहे. वासा, वासक, वृष, आटरूषक, नावं तरी किती! एका जुन्या श्लोकाचा तर भावार्थ असा की अडुळसा उपलब्ध असताना आणि जगायची आशा असताना रक्तपित्त, क्षय आणि खोकल्याच्या रोग्याने खचायचं कारणच काय? एवढी जाहिरात तर आजकालच्या कंपन्यांनाही जमत नाही.

या लाटेचं निमित्त मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालले होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, ते कारखान्यात वापरायचं रसायन. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. केंद्राने सूचना काढली की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांच्या आतल्यांनाही सहसा नकोत. त्या रात्री आमच्या ग्रुपवर ‘आजपासून घरात केमिकल बंद’ अशी शपथ झाली आणि सकाळी कुंपणाचं टक्कल पडायला सुरुवात झाली.

बाटल्या फेकल्या ते बरंच केलं. पण बाटलीच्या जागी पाला वाटून पाजा, असं त्या सूचनेत कुठे होतं हो? लहान मुलांचा बहुतेक खोकला विश्रांती आणि भरपूर पाणी-पेज यांवर आपोआप बरा होतो, असंच तिच्यात होतं. ते कुणी फॉरवर्ड केलं नाही, कारण त्यात करण्यासारखं काहीच नाही. आणि दुसरं म्हणजे, छिंदवाड्यातलं विष औषध ज्यात विरघळवतात त्या पातळ पदार्थातून आलं होतं. अडुळशाचं सिरप काय हवेत विरघळतं? तेही कशात तरी विरघळवलेलंच असतं की! पण बाटलीवर हिरवं पान छापलं की आमच्याकडे पाठीमागचं लेबल कुणी वाचत नाही.

आता खरी भानगड सांगते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी डॉक्टरांनी दिलेलं सिरप सगळ्यांसमोर बेसिनमध्ये ओतलं आणि अडुळशाचा रस प्यायला घेतला. टाळ्याही पडल्या. ती रिकामी बाटली मी हळूच उचलून वाचली. त्यात अँब्रोक्सॉल होतं. आता हे अँब्रोक्सॉल कोण, कुठलं, त्याचं घराणं काय, याची चौकशी केल्यावर मला तर बाई दरदरून घामच फुटला.

झालं असं की, डेव्हिड हूपर नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि त्याला व्हॅसिसीन म्हटलं. हा हूपर काही ऐरागैरा नव्हे. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणारे विल्यम डायमॉक, वॉर्डेन आणि हा, अशा तिघांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढे विसाव्या शतकात हे व्हॅसिसीन गेलं जर्मनीला. बोहरिंगर इंगेलहाइम या कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या रेणूच्या धाग्यावरून नवा रेणू घडवला गेला, तो ब्रोमहेक्सिन. १९६३ मध्ये तो ‘बिसॉल्वॉन’ या नावाने बाजारात आला. घट्ट, चिकट कफ पातळ करणं हे त्याचं काम. पोटात गेल्यावर शरीर या ब्रोमहेक्सिनपासून जो पदार्थ बनवतं, तोसुद्धा कफ पातळ करतो असं दिसलं, आणि मग तोही वेगळं औषध म्हणून विकायला आला. तेच हे अँब्रोक्सॉल!

म्हणजे काकूंनी नातवाला बेसिनमध्ये ओतलं आणि त्याच्या आजोबांना पाटावर बसवून औक्षण केलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे ठाऊक होतं. इथे तर कार्टंसुद्धा आपलंच निघालं. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘शक्यच नाही, त्या बाटलीला संत्र्याचा वास येत होता.’

आणि बरं का, नातूही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०१५ मध्ये ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉलच्या माहितीपत्रकात गंभीर ॲलर्जी आणि त्वचेवरच्या तीव्र प्रतिक्रियांचा इशारा घालायला लावला. धोका कमी आहे, पण छापायचा म्हणजे छापायचा. आजोबांच्या पानाला माहितीपत्रक नाही, एवढाच काय तो फरक. माझं म्हणणं काय, की अडुळसा हे औषध आहे. ज्या पानातून जर्मन कंपनीने धंदा उभा केला, ते पान निरुपद्रवी पालेभाजी कसं असेल? गुण आहे म्हणता ना? मग अवगुणही ऐका की. पण नाही, आमच्या मंडळींना अडुळसा कर्तबगारही हवा आणि अश्रापही.

शेजारणीच्या ओट्यावर जे चाललं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. तिने टोपलीभर पानं आणली. वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, वरून गर्द हिरवी, खालून फिकट. धुऊन मिक्सरला लावली. मिक्सर घर्र घर्र करून थांबला, आणि भांड्यात काय, तर हिरवा भुसा. रसाचा थेंब नाही! अडुळशाचं पान सहजी रस सोडतच नाही. जुन्या वैद्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून शार्ङ्गधराने त्यासाठी पुटपाक सांगितलाय. पानं वाटायची, गोळा करायचा, तो मोठ्या पानात गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात लाल होईपर्यंत ठेवायचा, मग फोडून आतला गोळा पिळायचा. झुमकेवाल्या पोरीने यातलं काही दाखवलं नव्हतं. शेजारीण हुशार. तिने इडलीपात्र काढलं, पानं वाफवली आणि जुन्या पंच्यात घालून पिळली. काळपट हिरवा रस निघाला, वाटीभर. वास शिजलेल्या पाल्याचा. चव विचारू नका. तिचा नातू पहिल्या चमच्यानंतर जो पळाला तो थेट खालच्या पार्किंगमध्ये सापडला.

मग त्यात मध आला. मध पुरेना म्हणून गूळ आला. ‘गरम पडायला नको’ म्हणून खडीसाखर आली. शेवटी त्याचं सरबत झालं आणि ते मधुमेही आजोबा ‘औषध आहे, औषधाला पथ्य कसलं’ म्हणत दिवसातून तीनदा पिऊ लागले. आयुर्वेदाच्या सरकारी औषधसंहितेत ताज्या रसाची मात्रा १० ते २० मिलिलिटर दिली आहे. मोबाइलवर सांगतात, ‘रोज सकाळी एक ग्लास’. ग्लास! अति तिथे माती, पण हल्ली मातीसुद्धा ऑरगॅनिक मिळते. आणि तो मध सातव्या मजल्यावर आठ महिन्यांच्या बाळालाही चाटवला गेला, अडुळशाचा थेंब घालून. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. बाळाची आई इंजिनिअर आहे, तिला हे माहीत होतं. आजीसमोर बोलायची हिंमत झाली नाही, बस्स.

सगळ्यात जास्त चिडलेत कोण म्हणाल, तर कोपऱ्यावरचे वैद्य. मला वाटलं होतं, अडुळशाची चलती म्हणजे त्यांचा दिवाळसण. मी अभिनंदन करायला गेले तर खेकसले. म्हणाले, ‘वासा थंड वीर्याची, कडू-तुरट. रक्त पडत असेल तर तिचा पहिला मान. कुणाला द्यायची, कोणत्या खोकल्याला, कशाबरोबर, हे बघायला आम्ही बसलोय ना? तुमच्या त्या बायका थंड अडुळशात सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी घालतात आणि मला येऊन सांगतात की पित्त वाढलं!’ २०२० मधल्या काढ्यांच्या दिवसांपासून त्यांचं डोकं फिरलेलं आहे. तेव्हा आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांच्या काढ्याचं प्रमाण छापून दिलं होतं, तीन ग्रॅम पूड दीडशे मिलिलिटर पाण्यात. आमच्या लोकांनी ती मूठभर घातली आणि आटवून आटवून तिचं डांबर केलं. मग जिभा सोलवटून वैद्यांच्याच दारात रांग.

त्यात आमच्या दुसऱ्या विंगमधले माळकरी काका. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकवत नाहीत, कांदासुद्धा बघून खातात. त्यांनी ‘अडुळसा आहे’ म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून कनकासव आणलं आणि घोट घोट प्यायला लागले. आता आसव म्हणजे धायटीची फुलं आणि साखर-मध घालून आंबवलेलं औषध, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतो आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं. शिवाय कनकासवातला कनक म्हणजे धोत्रा! अडुळसा त्यात आहे, खोटं नाही, पण धोत्र्याच्या मांडीला मांडी लावून. काकू सांगत होत्या, ‘ह्यांना हल्ली रात्री छान झोप लागते आणि तोंडाला कोरड पडते.’ मी काही बोलले नाही. माळकऱ्याचं घर आहे, आपण कशाला?

पण त्याहून मोठं पाप पानांच्या ओळखीत चाललंय. कुंपण संपल्यावर मंडळी खाडीकडच्या रस्त्याने निघाली. लांबट हिरवं पान दिसलं की तो अडुळसा. एकाने तर कण्हेरीची पानं आणली होती. ती विषारी, हृदयावर जाणारी. नशिबाने त्याच्या कामवालीने ओळखली आणि केरात टाकली. बाजारातल्या वाळलेल्या पाल्याचीही वेगळीच कथा आहे. अडुळशात महारुखाची पानं मिसळतात, ही भेसळ औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. झाडावर पाहिलं तर महारुखाचं पान वेगळंच, एका दांड्यावर दोन्हीकडे पानोळ्या. पण त्या खुडून वाळवून चुरल्या की ओळखणार कोण? झुमकेवाली?

हे सगळं गुळवेलीच्या वेळी एकदा होऊन गेलंय, पण आठवतंय कुणाला! करोनात प्रतिकारशक्ती म्हणून लोकांनी गुळवेलीचे वेल ओरबाडले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल होती की तिची दुसरी जात, हे डॉक्टरांनी तपासलंच नाही. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. दोन्ही बाजूंचं ऐकून मी तर दोन्ही हात जोडले. गुळवेल खरी असेल तर डॉक्टरांचं ऐकायचं, खोटी असेल तर मंत्रालयाचं ऐकायचं. कुणाचंही ऐकलं तरी शेजाऱ्याने कुंडीतून तोडून दिलेली कांडी तोंडात घालता येत नाही.

आता जरा जवळ या, हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही. चौथ्या मजल्यावर डोहाळजेवण होतं. सातवा महिना, हिरवी साडी, फुलांचा धनुष्यबाण, सगळं साग्रसंगीत. पोरीला खोकला झालेला. झालं! तीन काकूंनी तीन बाटल्या पाठवल्या, घरी पिळलेल्या, प्रेमाने. ‘इंग्रजी औषध घेऊ नकोस हो या दिवसांत, हे आपलं नैसर्गिक.’ आणि हे नैसर्गिक काय करतं? व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं! जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठं काम केलं. प्रसूतीत कळा आणण्यासाठी आणि गर्भपातासाठी हे वापरता येईल का, हाच त्यांचा विषय होता. १९८० मध्ये त्यावर पुस्तिका निघाली. म्हणूनच गरोदरपणी अडुळसा टाळायला सांगतात. खोकल्याच्या पानाचा हा दुसरा धंदा आमच्या एकाही काकूला ठाऊक नव्हता. मी तर म्हणते, एखाद्या स्थळाची इतकी मोठी गोष्ट लपवली असती तर लग्न मोडलं असतं.

पोरीच्या सासूबाई निवृत्त नर्स. त्यांनी पाहुणे गेल्यावर तिन्ही बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीभर बोभाटा काय झाला ठाऊक आहे? ‘सुनेला साधं खोकल्याचं औषधसुद्धा घेऊ देत नाही, बघा!’

‘पण गुण येतो त्याचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा कमरेवर हात ठेवून विचारतो. गुण येत असेलही. व्हॅसिसीन आणि त्याचं भावंड व्हॅसिसिनोन श्वासनलिका सैल करतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांवरच्या चांगल्या मोठ्या चाचण्या मात्र थोड्या. पण खोकल्याची एक गंमत ऐका. २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना विचारलं, साधा खोकला किती दिवस चालेल असं वाटतं? लोक म्हणाले, आठवडाभर, फार तर नऊ दिवस. मग आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर ब्राँकायटिसचा खोकला सरासरी चालतो जवळजवळ अठरा दिवस! आता हिशेब करा. पहिला आठवडा मिठाच्या गुळण्या. नवव्या दिवशी धीर सुटतो. दहाव्या दिवशी अडुळसा. सतराव्या-अठराव्या दिवशी खोकला थांबतो आणि माणूस ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी. आमच्याकडे कावळ्याला पद्मश्री देतात.

कोजागरीला दम्याचं औषध घ्यायला रात्रभर रांगा लागतात त्या याच भरवशावर. मृग लागला की हैदराबादला बत्तिनी कुटुंब जिवंत माशाच्या तोंडात पिवळं औषध भरून तो दमेकऱ्यांना गिळायला देतं, फुकट. तिथली गर्दी तर पोलिसांना आवरावी लागते. औषधात काय आहे ते कुटुंबाचं गुपित. दमा तर मुळातच कमी-जास्त होणारा आजार, महिनाभर शांत राहिला की मासा जिंकला. आपल्या औषध नियमांत ‘शेड्यूल जे’ नावाची यादी आहे, हे अमुक आजार बरे करतो असा दावा औषधाने करायचा नाही म्हणून. दमा त्या यादीत आहे. पण नियम औषधांना, रील्सना कुठले?

खोकला कशाचा हे न बघता पाला प्यायचा, याचे नमुने आमच्याच जिन्यात आहेत. पाचव्या मजल्यावरचे साहेब महिनोन्‌महिने कोरडं खोकत होते. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, बेहड्याची साल झाली. शेवटी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि खोकला गेला. रामिप्रिल-एनालाप्रिल जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतोच. साहेब अजून म्हणतात, अडुळशाने उशिरा गुण दिला! आणि सहाव्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी बाल्कनीत कबुतरांना ज्वारी टाकतात, मग आत येऊन खोकतात, मग अडुळसा पितात. दादरचा कबुतरखाना २०२५च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा गदारोळ झाला! तो कशासाठी झाकला, तर कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते म्हणून. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मुक्या जिवांवर आरोप नको.’ बरं, नको.

आणि या सगळ्या धामधुमीत पानं तोडून द्यायचं काम कुणाच्या गळ्यात? वॉचमनच्या. ‘जरा वरची चार पानं दे रे,’ की हा शिडी लावून चढला. तो स्वतः कधीपासून खोकतोय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकाने त्याला स्वतःची बाटली दिली होती. एकाने तर ‘बघ, तुझ्यावरसुद्धा आम्ही तेच औषध करतो जे घरात करतो’ असं ऐकवलंही. पोरगा वाळत चालला होता. पँट दोरीने बांधायला लागला. कफात एकदा लाल दिसलं तेव्हा एका काकूंनी आनंदाने सांगितलं, ‘रक्तपित्त! यावर तर अडुळसा रामबाण!’ शास्त्र अर्धं कळलं की असं होतं.

दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हे सरकारी क्षयरोग कार्यक्रमाचं किती वर्षांचं सांगणं आहे. आता तुम्ही म्हणाल, मघाशी तर अठरा दिवस चालतो म्हणालात. म्हणाले ना, म्हणूनच तर तपासून मोकळं व्हायचं. तपासणी फुकट, औषधं फुकट, वर सकस आहारासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात. जंतू शोधणारं ‘ट्रूनॅट’ हे यंत्र तर आपल्या गोव्याच्या कंपनीचं आहे, जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेलं. लंडनच्या ग्रेंज आणि स्नेल यांनी १९९६ मध्ये ब्रोमहेक्सिन आणि अँब्रोक्सॉल काचेच्या नळीत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात असं लिहिलं होतं. तो निबंध अजून ग्रुपवर आलेला नाही हे नशीब. नाहीतर पाचव्या मजल्यापर्यंतच्या फांद्यासुद्धा राहिल्या नसत्या. काचेची नळी म्हणजे वॉचमनची छाती नव्हे, हे कोण सांगणार?

निवृत्त नर्सबाईंनीच विषय मीटिंगमध्ये काढला. याला उद्या महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा, एक नमुना तिथे, एक पहाटेचा घरून. सगळे एकदम गप्प. मग कुणीतरी सहा फूट मागे सरकलं. मग पाण्याच्या बाटल्या त्याच्याकडून भरून घेतो त्याचं काय, लिफ्टचं बटण तोच दाबतो त्याचं काय, असे प्रश्न सुटले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी बेसिनमध्ये ओतलेल्या सिरपचं नाव नक्की काय होतं, ते मला तिथेच हळूच विचारून घेतलं. पाठवायचं हे एकमताने ठरलं. मग त्या दिवशी गेटवर कोण बसणार, यावर चर्चा सुरू झाली, आणि ती अजून चालू आहे. नर्सबाईंनी तेवढ्यात रिक्षा थांबवली आणि त्याला घेऊन गेल्या.